कादंबरीतल्या बायकोने माफ केलं, घरातल्या बायकोचं काय?

पत्राचा गोषवारा: पत्रलेखक ६४ वर्षांचे, सातारा जिल्ह्यातले, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. उमेदीच्या सगळ्या वर्षांत त्यांचा राग गावभर माहीत होता. जेवणाचं ताट भिरकावणं, मुलीला पट्ट्याने मारणं, बायकोला तिच्या माहेरच्या माणसांदेखत नाही नाही ते बोलणं, हे सगळं त्यांनी स्वतःच लिहिलंय. निवृत्तीनंतर तीन वर्षं माउलींच्या पालखीबरोबर पायी वारी केली, ज्ञानेश्वरी वाचायला घेतली, आणि राग गेला असं ते म्हणतात. मग त्यांनी कादंबरी लिहिली. सदाशिव नावाचा तापट माणूस वारीला जातो, पश्चात्तापाने पोळून निघतो आणि शेवटी चंद्रभागेच्या वाळवंटात त्याची बायको व मुलगी त्याला माफ करतात. प्रकाशक मिळालाय, पाचशे प्रतींचा खर्च लेखकाने करायचाय. बायकोच्या एकसष्टीच्या दिवशीच प्रकाशन करायचं म्हणून हॉलही बघून ठेवलाय. पुण्यात राहणाऱ्या मुलीने हस्तलिखित वाचलं आणि म्हणाली, "पुस्तकातल्या मुलीने तुम्हाला माफ केलंय बाबा, मग माझी काय गरज?" ती कार्यक्रमाला येणार नाही. मुलगा म्हणतो, छापूच नका. बायको एवढंच म्हणाली, "छान लिहिलंय. पण त्या दिवशी आमटी नव्हती, पिठलं होतं." पत्रलेखकांचे प्रश्न दोन: कादंबरी छापावी का? आणि मुलीला समारंभाला यायला राजी कसं करावं?

नमस्कार.

पत्रासोबत कादंबरीची दोन प्रकरणं पाठवलीत, हे फार बरं केलंत. नुसतं पत्र वाचून मी बहुधा वेगळंच उत्तर लिहिलं असतं.

आधी जे चांगलं आहे ते. तुमच्या पिढीतल्या पुरुषाने 'मी मुलीला पट्ट्याने मारलं' हे वाक्य कुठलंही 'पण' न जोडता लिहावं, हे आपल्याकडे सहसा होत नाही. घरोघरी 'त्यांचा स्वभावच तसा, मनात काही नसतं' असं म्हणून विषय मिटवला जातो आणि तो माणूस गेल्यावर 'कडक होते, पण शिस्तीचे होते' असा त्याचा फोटो भिंतीवर चढतो. तुम्ही त्या वाटेने गेला नाहीत. शिवाय तुम्हाला लिहिता येतं. गळीत हंगामातली रात्रपाळी, मळीचा वास अंगात मुरलेला माणूस पहाटे घरी येतो आणि दारातल्या चपला वेड्यावाकड्या दिसल्या म्हणून पेटतो, ते पान मी दोनदा वाचलं. प्रवचनं थोडी आवरलीत तर कादंबरी आणखी चांगली होईल, पण तो मुद्दा पुढचा.

आता तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण खरी मेख तिथे आहे. 'मुलीला राजी कसं करू' असं तुम्ही विचारता आणि लगेच पुढे लिहिता, 'माझ्या उद्धाराच्या सोहळ्याला माझीच मुलगी नसेल तर लोक काय म्हणतील?' या वाक्यात तुम्ही दोन गोष्टी गृहीत धरल्यात. एक, उद्धार होऊन गेलाय, आता फक्त सोहळा बाकी आहे. दोन, त्या सोहळ्यात मुलीचं एक ठरलेलं काम आहे आणि ते ती करत नाहीये. हे ठरवलं कुणी? कादंबरीच्या लेखकाने. लेखकाला तो अधिकार असतोच, पण पानांपुरता.

तुमचं ताट भिरकावण्याचं प्रकरण घ्या. सदाशिव ताट भिंतीवर मारतो, आणि पुढची दीड-दोन पानं आपण सदाशिवच्या डोक्यात असतो. त्याच्या कानशिलात घण पडतात, त्याला वडील आठवतात, वडिलांचा मार आठवतो, बाहेर ओट्यावर बसून तो काळोखात रडतो. सगळं उत्तम उतरलंय. आणि बायको? तिच्या वाट्याला एक ओळ आली आहे: 'तिने मुकाट्याने भिंत पुसली.' ती भिंत पुसत असताना मुलं कुठे होती? ती नंतर जेवली का? दुसऱ्या दिवशी भिंतीवरचा पिवळा डाग बघून शेजारणीने काही विचारलं का, आणि तिने काय सांगितलं? वाचक म्हणून मला सदाशिवच्या घणांपेक्षा हे जास्त हवं होतं. तुम्ही ते दिलं नाहीत, कारण तुम्हाला ते माहीत नाही. तुम्ही ओट्यावर होतात.

म्हणून तुमच्या सगळ्या पत्रात मला सर्वात वजनदार वाटलं ते बाईंचं वाक्य. तुम्ही ते हसण्यावारी नेलंय. 'बायकांचं लक्ष कशात असतं बघा' असं कंसात लिहिलंयत. अहो, इतक्या वर्षांपूर्वीच्या एका रात्री ताटात काय होतं हे त्यांना आठवतं. ते शिजवलं त्यांनी होतं आणि भिंतीवरून खरवडूनही त्यांनीच काढलं होतं. पिठलं वाळलं की भिंतीला कसं धरून बसतं, हे पुसणाऱ्यालाच ठाऊक. त्या तुमची तक्रार करत नाहीयेत, कौतुकाला पाणीही घालत नाहीयेत. त्या सांगताहेत की त्या प्रसंगाची एक दुसरी प्रत त्यांच्याकडे आहे आणि ती तुमच्या प्रतीशी जुळत नाही. त्यावर तुम्ही काय केलंत? पुढच्या मसुद्यात आमटीचं पिठलं केलंत आणि पानं प्रकाशकाकडे धाडलीत. 'आणखी काय काय वेगळं होतं गं?' हे विचारायचं राहून गेलं.

आता अर्पणपत्रिकेबद्दल. 'माझ्या लेकीस' असं लिहून खाली तुम्ही मुक्ताबाईंच्या ताटीच्या अभंगातली ओळ घातली आहे: 'विश्व रागें झालें वन्ही । संतीं सुखें व्हावें पाणी ॥' ओळ सुंदर आहे, प्रश्नच नाही. पण त्या अभंगामागची गोष्ट आठवा. लोकांनी केलेल्या अपमानाने ज्ञानदेव दुखावले, ताटी लावून आत बसले. बाहेर उभी राहून धाकटी बहीण समजूत घालतेय. म्हणजे जग पेटलं तरी तू पाणी हो, हे जिव्हाळ्याच्या माणसाने दुखावलेल्या माणसाला सांगितलेलं आहे. ज्यांनी अपमान केला त्यांच्यापैकी कुणी ताटीबाहेर येऊन हेच म्हणाला असता, तर त्याला अभंग म्हणायचं की आगाऊपणा? तुमच्या पानावर नेमकं तेच झालंय. वन्ही तुम्ही होतात, आणि पाणी व्हायचं मुलीने. तुमच्या मनात असं नव्हतं हे मला कळतं. पण ती ३८ वर्षांची शहाणी बाई आहे, तिने ती ओळ कशी वाचली असेल हे मलाही कळतं. ती ओळ काढा. पुस्तक छापा न छापा, ती ओळ काढाच.

दुसरं प्रकरण वाल्ह्याच्या मुक्कामाचं. पालखी जेजुरीहून वाल्ह्याला येते, आणि हे गाव वाल्या कोळ्याचं मानलं जातं, म्हणून सदाशिवला तिथे साक्षात्कार होतो. जागा अचूक निवडलीत. पण गोष्ट आपण सगळे सांगतो तशीच तुम्हीही सांगितलीत: नारद विचारतात, तुझ्या पापात बायकामुलं वाटेकरी आहेत का, ते विचारून ये. वाल्या घरी जातो, ती नाही म्हणतात, त्याचे डोळे उघडतात, तो रामनामाला बसतो आणि अंगावर वारूळ चढतं. कीर्तनात इथे 'कुणी कुणाचं नसतं' असं निरूपण होतं आणि टाळ वाजतात. सदाशिवही रात्री राहुटीत पडल्या पडल्या हाच विचार करतो की शेवटी माणूस एकटाच.

मला ही गोष्ट ऐकताना नेहमी दुसरंच वाटत आलंय. रांजण खड्यांनी भरेपर्यंत त्या बाईला कुणी काही विचारलं नव्हतं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा तिने खरं उत्तर दिलं. तिचं 'नाही' हेच तर त्या माणसाच्या उद्धाराचं पहिलं पाऊल! ती 'हो, आम्ही वाटेकरी' म्हणाली असती तर वाल्या परत वाटमारीला गेला असता. तुमच्या मुलीने तुम्हाला 'नाही' म्हटलंय. तुम्ही त्याला अडथळा समजताय. (आणि हो, वाल्या वारुळात बसल्यावर त्या बायकामुलांचं पुढे काय झालं, पोट कसं भरलं, हे मी आजवर एकाही कीर्तनात ऐकलेलं नाही. तुमच्या कादंबरीत तरी येऊ द्या.)

रागाच्या आणि उद्धाराच्या गोष्टींमधली मला सर्वात प्रामाणिक वाटते ती अंगुलिमालाची. आपल्याकडे विहारांमधून ती सांगितली जाते, पण बऱ्याच जणांना अर्धीच माहीत असते: माणसं मारून त्यांच्या बोटांची माळ घालणारा अंगुलिमाल बुद्धांना भेटला आणि भिक्खू झाला. इथे लोक टाळ्या वाजवून उठतात. मज्झिम निकाय या पाली बौद्ध ग्रंथातलं सुत्त इथे थांबत नाही. भिक्खू झालेला अंगुलिमाल श्रावस्तीत भिक्षेला जातो तेव्हा त्याला ढेकळं लागतात, काठ्या लागतात, दगड लागतात. डोकं फुटलेलं, भिक्षापात्र मोडलेलं, चीवर फाटलेलं, अशा अवस्थेत तो परत येतो. बुद्ध त्याला म्हणतात, सहन कर. हे तुझ्याच कर्मांचं फळ तू इथे भोगतो आहेस. लक्षात घ्या, बुद्ध गावात जाऊन 'तो आता बदललाय, त्याला असं वागवू नका' असं लोकांना समजावत नाहीत. अंगुलिमालही 'मी एवढं केलं तरी यांना किंमत नाही' असं म्हणत नाही. बदल खरा होता म्हणूनच त्याला लोकांच्या प्रमाणपत्राची गरज पडली नाही. तुमच्यावर तर ढेकूळसुद्धा आलेलं नाही. मुलीने फक्त 'येणार नाही' म्हटलंय.

तुमच्यासारखीच कळकळ असलेल्या एका मोठ्या लेखकाचंही सांगते. टॉलस्टॉयने लग्नाआधी, १८६२ साली, आपल्या भूतकाळाची सगळी लफडी लिहिलेल्या रोजनिशा होणाऱ्या बायकोच्या हातात दिल्या. तो चौतिशीतला, ती अठरा वर्षांची. त्याला वाटलं, आपण तिच्यापासून काही लपवलं नाही. तिला त्या वाचनाचा जो धक्का बसला तो ती जन्मभर विसरली नाही. त्याचं मन मोकळं झालं आणि सगळा भार तिच्यावर आला. आणि हाच टॉलस्टॉय १८९९ साली 'पुनरुत्थान' ही कादंबरी लिहितो तेव्हा त्यातली मास्लोवा तुरुंगात भेटायला आलेल्या नेख्ल्यूदोवला, म्हणजे तरुणपणी तिला फसवून सोडून गेलेल्या आणि आता पश्चात्तापाने व्याकुळ झालेल्या सरदाराला, फैलावर घेते. तिच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की या जन्मी माझा उपभोग घेतलास, आता परलोकाची सोयही माझ्याच आधाराने करायची आहे का तुला? शेवटीही ती त्याच्याशी लग्न करत नाही, दुसऱ्या माणसाबरोबर जायचं ठरवते. तुमच्या मुलीचं वाक्य मी वाचलं तेव्हा मला मास्लोवाच आठवली. तुम्ही पाठवलेल्या दोन्ही प्रकरणांत एवढं धारदार वाक्य एकही नाही.

आता थोडं नाजूक. 'मला आता राग येतच नाही' असं तुम्ही तीन ठिकाणी लिहिलंय. त्याच पत्रात लिहिता की मुलाने 'छापू नका' म्हटल्यापासून दोन महिने तुम्ही त्याच्याशी बोललेला नाहीत. आणि मुलीचा फोन आला त्या रात्री 'मी शांतपणे ताट बाजूला सारलं आणि उठलो'. पूर्वी ताट भिंतीवर जायचं, आता बाजूला सरतं. फरक मोठा आहे, मी तो कमी लेखत नाही. घरातल्यांनीही लेखला नसणार. पण ताट सरताना बाईंच्या पोटात काय झालं असेल? ज्या घरात अनेक वर्षं माणसं तुमच्या चपलांच्या आवाजावरून आजचा दिवस कसा जाणार हे ओळखत आली, त्या घरात अबोलासुद्धा ऐकू येतो. राग गेला असं जाहीर करून टाकलंत की त्याच्यावर लक्ष ठेवायची सोय उरत नाही. तो आला की ओळखू येतो, आल्यावर मी उठून बाहेर चक्कर मारून येतो, परत येऊन बोलतो, एवढं म्हणता आलं तरी पुष्कळ आहे. आणि ते घरच्यांना पटतंही, कारण त्यांना ते दिसतं.

मग छापायचं की नाही?

तुमच्या मुलाचं 'छापूच नका' मला पटत नाही. राग तुमचा, वारी तुमची, पश्चात्ताप तुमचा. त्यावर लिहिण्याचा हक्क तुम्हाला आहे. अशी पुस्तकं वाचून एखादा तापट बाप हात उगारता उगारता थांबला तर ते हवंच आहे. पण बायकोची आणि मुलीची क्षमा ही तुमच्या मालकीची नाही, आणि कादंबरी उभी आहे ती नेमकी तिच्यावर. नावं बदलली आहेत, असं तुम्ही म्हणता. तालुक्याच्या गावी नावं बदलून काय होतं? कारखाना ओळखता येतो, गल्ली ओळखता येते, पट्टा तर सगळ्यांना माहीत आहे. हळदीकुंकवाला बाईंना कुणीतरी विचारणारच, "तुमच्यावरच आहे ना हो?" आणि मग त्यांना सगळ्यांसमोर पुस्तकातल्या बायकोसारखं हसावं लागेल. पुस्तक निघाल्यावर माफ न करण्याची सोयच त्यांना उरत नाही. मुलीने हे बरोबर ओळखलंय.

म्हणून माझं मत विचाराल तर: थांबा. सोडू नका, थांबा. एकसष्टीचा मुहूर्त तर आजच डोक्यातून काढा. तो दिवस त्यांचा आहे. त्यांच्या एकसष्टीला तुमचं पुस्तक, तुमचं मनोगत, तुमचा सत्कार, आणि त्या व्यासपीठावर नऊवारीत बसून तुमच्या रागाची वर्णनं ऐकणार, हे चित्र एकदा त्यांच्या खुर्चीत बसून बघा. हॉलचे पैसे भरले नसतील तर उत्तमच. भरले असतील तर त्यांना विचारा की तुला त्या दिवशी काय हवंय. बहिणींना बोलवायचं म्हणतील, अष्टविनायक म्हणतील, कदाचित काहीच नको म्हणतील. जे म्हणतील ते करायचं, त्यात सुधारणा सुचवायची नाही.

प्रकाशकाला कळवा की पुनर्लेखन चालू आहे. पाचशे प्रतींचे पैसे आगाऊ देऊ नका. आजकाल डिजिटल छपाईत पंचवीस-पन्नास प्रतीही निघतात. पुढे छापायचं ठरलंच तर आधी तेवढ्याच काढा, जवळच्यांना द्या, आणि वर्षभराने मोठ्या आवृत्तीचा विचार करा. करार करताना हक्क तुमच्याकडे राहतील एवढं वाचून घ्या. पलंगाखाली गठ्ठे ठेवून बसलेले लेखक मी बरेच पाहिलेत.

पुनर्लेखनाआधी बाईंशी बोला, पण एकसष्टीच्या आधीच उरकायचं म्हणून नव्हे. दुपारचं सगळं आवरल्यावर, दोघंच असताना, एवढंच म्हणा: "पिठल्याचं तू सांगितलंस. मला तेवढं सोडून पुढचं काहीच माहीत नाही. सांगावंसं वाटलं तर सांग, नाही वाटलं तर राहू दे." मग गप्प बसा. वही-पेन जवळ नको. मध्ये 'अगं पण तेव्हा कारखान्यात...' नको. डोळ्यांतून पाणी आलं तर येऊ द्या, पण त्यांना तुमचीच समजूत काढत बसावं लागेल इतकं नको. नाहीतर पुन्हा तुम्हीच सदाशिव आणि त्या भिंत पुसणार. त्या 'जाऊ द्या आता, झालं ते झालं' म्हणाल्या तर ती माफी धरून चालू नका. अनेक बायका हे वाक्य विषय टाळायला वापरतात, आणि टाळायचा त्यांना हक्क आहे. पुन्हा विचारायचं नाही. दार उघडं आहे हे त्यांना कळलं, तेवढं पुरे.

त्यांनी काही सांगितलंच, तर ते कादंबरीत घालायचं की नाही हे त्यांना वेगळ्याने विचारा. सांगितलं म्हणजे छापायला दिलं असं नसतं.

कादंबरीत काय करावं? वाळवंटातला शेवट काढा. मी लेखिका म्हणूनही हेच सांगेन. सगळ्यांनी रडून मिठ्या मारण्याचा शेवट वाचकाला आधीच कळलेला असतो. सदाशिव वारीहून घरी येतो, आणि घर होतं तसंच आहे. मुलगी खोलीतून बाहेर येत नाही. त्याने आणलेला प्रसाद बायको देवापाशी ठेवते आणि भाजी निवडायला बसते. आता सदाशिवने काय करायचं? वारीत अनोळखी माणसाच्या पायाला हात लावून 'माउली' म्हणणं त्याला जमलं होतं; तिथे त्याचा इतिहास कुणाला माहीत नव्हता. आता स्वयंपाकघरात जमतंय का बघू. खरी आध्यात्मिक कादंबरी इथे सुरू होते, असं मला वाटतं. ती लिहायला तुम्हाला अवघड जाईल, कारण तिचा शेवट तुम्हाला अजून माहीत नाही. न माहीत असलेलाच लिहा. आणि ताटाच्या प्रसंगात सदाशिवची दोन पानं अर्ध्यावर आणा, भिंत पुसणारीला दीड पान द्या. बाईंनी काही सांगितलं नसेल तर तिथे सदाशिवला ते माहीत नाही, असं स्पष्ट लिहा.

हे सदर तुमच्यासारखे पुरुष वाचतात तशी तुमच्या मुलीसारखी माणसंही वाचतात, म्हणून त्यांच्यासाठी थोडं. घरातलं माणूस उतारवयात शांत झालं, देवाधर्माला लागलं, विपश्यनेला इगतपुरीला जाऊन आलं, आणि आता तुमच्याकडे 'मी बदललो' म्हणून बघतंय, तर तुम्हाला आनंद व्हायलाच हवा असं नाही. त्याच्या बदलावर विश्वास ठेवूनही अंतर राखता येतं. त्याने लिहिलेलं वाचलंच पाहिजे असं नाही. 'वाचेन की नाही सांगता येत नाही' हे पुरेसं उत्तर आहे. नातेवाईक म्हणतील, 'आता वय झालं त्यांचं, सोड ना.' वय तुमचंही झालंय, असं म्हणायला हरकत नाही. आणि ज्यांच्या घरात हे सगळं भूतकाळातलं नसून आज चालू आहे, त्यांनी कुणाच्या उद्धाराची वाट पाहू नये. मारहाण, धमक्या, रोजचा अपमान, हे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात येतं. महिलांसाठी १८१ हा मदतीचा क्रमांक आहे. ज्या पुरुषांना स्वतःचा राग आवरत नाही आणि आवरायचाय, त्यांनी १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या, क्रमांकावर बोलावं, मराठीतून बोलता येतं. समुपदेशकाकडे जाणं आणि वारीला जाणं यांत भांडण नाही. दोन्ही करता येतं.

आता तुमच्या मुलीकडे परत. तिला राजी करू नका. एक छोटा निरोप पाठवा: पुस्तक थांबवलंय, कार्यक्रम रद्द केलाय, अर्पणपत्रिकेतली ओळ काढली, तुझं म्हणणं बरोबर होतं. बस. 'तुझ्यासाठी थांबवलं' लिहू नका, 'आता तरी' लिहू नका, खाली अभंग नको. उत्तर आलं नाही तर आठवण करून देऊ नका. पट्ट्याबद्दल तुम्ही सदाशिवच्या तोंडून माफी मागितली आहे. स्वतःच्या तोंडून तिच्यापाशी कधी मागितली होती का, हे पत्रात कुठे सापडलं नाही. मागितली नसेल तर त्या निरोपात आणखी एक वाक्य वाढवा, कारण न देता, 'मी तुला मारलं ते चूक होतं' एवढंच. त्यावर तिने काय करायचं ते ती बघेल.

मुलाशी मात्र आज रात्रीच बोला. तिथे थांबण्यासारखं काही नाही. अबोला तुम्ही धरलाय, तुम्हीच मोडायचा. फोन करा, पुस्तकाचं नाव काढू नका. नातवंडांचं विचारा, पावसाचं विचारा. तो आधी जरा सावधपणे बोलेल. बोलू द्या, आणि त्याने फोन ठेवेपर्यंत तुम्ही ठेवू नका.